घडाखालच्या हातांसाठी : द्राक्ष बागायतदारांना खुले पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील सर्व द्राक्ष बागायतदार बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरच्या, फळ धरण्यासाठीच्या गोडी छाटणीला आता महिना-दीड महिना उरला आहे. कोणाची टोळी ठरली, मुकादमाला किती उचल दिली, एकरी काय भाव फुटला, याच गोष्टी सध्या आपल्या बोलण्यात आहेत. नेमक्या याच वेळी हे पत्र लिहीत आहे, कारण एकदा कात्री चालू झाली की पुढचे चार-पाच महिने आपल्यापैकी कोणाला मान वर करायला फुरसत मिळत नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते छाटणीच्या आधी ठरले तरच होण्यासारखे आहे.

मी निफाड तालुक्यात साडेतीन एकर बाग सांभाळते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळी बाग मांडवावर, म्हणजे डोक्याच्या उंचीवर आडव्या ओढलेल्या तारांवर होती. आता अडीच एकर वायवर, म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या आधारांवर आहे आणि एक एकर अजून मांडवच आहे. गेली सव्वीस वर्षे काडी बांधण्यापासून घडातले जादा मणी कापून काढण्याच्या विरळणीपर्यंत जवळजवळ प्रत्येक काम मी मजूर बायांच्या ओळीत उभी राहून केले आहे. त्यामुळे हे बांधावरून पाहून लिहिलेले नाही. माझा उजवा खांदा आता पूर्ण वर जात नाही आणि अंथरुणावर पडल्यावर अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. पण मला घर आहे, दवाखान्याला पैसे आहेत आणि काम थांबवण्याची मोकळीक आहे. सुरगाणा, पेठ, कळवण आणि सीमेपलीकडच्या डांगातून जी माणसे आपल्याकडे येतात, त्यांच्याकडे या तिन्हींपैकी काहीच नसते. त्यांच्या शरीराचे आपल्या बागेत काय होते, ते आपण नीट पाहावे आणि जेथे आपल्या हातात आहे तेथे ते थांबवावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

शिस्त आपल्याला परकी नाही, हे आधी सांगते. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष सापडले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याची झोप उडाली होती. त्यानंतर निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी आली, मालाचे नमुने प्रयोगशाळेत जाऊ लागले, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली कोणते औषध कधीपर्यंत मारायचे याची यादी ठरली. २०१० साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांमुळे कंटेनर अडकले आणि अनेक घरांचे दिवाळे निघाले, तेव्हापासून तर आपण प्रत्येक बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायला शिकलो. अनेक औषधांच्या बाबतीत किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा युरोप मोजतो, म्हणून आपण शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस कॅलेंडरवर मांडतो. शाळेत आठवीपलीकडे न गेलेले बागायतदार आज रसायनांची नावे आणि त्यांचे काढणीपूर्व दिवस तोंडपाठ सांगतात. मला याचा अभिमान आहे. मात्र तेच औषध मारल्यावर किती तासांनी माणसाने त्या ओळीत पाऊल टाकावे, असे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मलाही परवापर्यंत सांगता येत नव्हते. घडावर काय उरते ते आपण मोजतो, आणि तो घड हातात धरणाऱ्या बाईच्या अंगावर काय उरते ते कोणीच मोजत नाही.

आधी हाडामांसाच्या झिजेबद्दल, कारण विषबाधेची निदान बातमी तरी होते, झिजेची होत नाही.

नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी ९६८ वेली बसतात. प्रत्येक वेलीवर पस्तीसच्या आसपास काड्या धरल्या, तर एका एकराच्या छाटणीत कात्री तेहतीस-चौतीस हजार वेळा मिटते, आणि दहा जणांची टोळी ते काम दीड दिवसात उरकत असेल तर माणशी तीन हजारांहून अधिक वेळा. कात्रीला धार नसेल तर प्रत्येक वेळी जास्त जोर लागतो, आणि धार लावायला उक्त्या, म्हणजे एकरावर ठरवून दिलेल्या कामात कोणी थांबत नाही. वेलीवर तीस घड ठेवले तर एकरात एकोणतीस हजार घड होतात. त्यातला प्रत्येक घड विरळणीला हाताशी घ्यावा लागतो, मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात एकदा नव्हे तर दोन-तीनदा बुडवावा लागतो, आणि जानेवारीत गुलाबी मणी होऊ नयेत म्हणून कागदात गुंडाळावा लागतो. डिपिंगचा, म्हणजे घड बुडवण्याचा, भरलेला मग किलोभराचा असतो. किलोभर ओझे काहीच नाही असे आपल्याला वाटते, पण तोच मग खांद्याच्या वर दिवसभर उचलून पाहा. हात खांद्याच्या वर राहिला की खांद्यातली कंडरा दोन हाडांच्या मध्ये चेपली जाते आणि तिला पुरेसे रक्त मिळत नाही. म्हणून हलके ओझेसुद्धा वर धरल्यावर जड होते, आणि महिनोन्‌महिने असेच चालले की ती कंडरा झिजून फाटते. मनगटाचेही तसेच आहे. सतत मिटणाऱ्या मुठीमुळे आतल्या सुजेचा नसेवर दाब येतो, रात्री हात बधिर होतो आणि पुढे पकड जाते.

यात आपण कधी लक्षात न घेतलेली एक गोष्ट आहे. मांडवाच्या तारा उभ्या जागी हाताला याव्यात म्हणून सुमारे साडेपाच-सहा फुटांवर ओढलेल्या असतात, आणि तो अंदाज उंच माणसाच्या हिशेबाने धरलेला असतो. डोंगराकडून येणाऱ्या बहुतेक बाया पाच फुटांच्या आतबाहेर असतात. त्यामुळे जे काम माझ्या पुतण्याच्या डोळ्यांसमोर येते तेच त्यांच्या डोक्यावर असते, आणि त्या पालथ्या क्रेटवर चढून, मान मागे टाकून, डोळ्यांत पडणारा पाला आणि द्रावण चुकवत ते करतात. क्रेट ओल्या मातीत एका बाजूने रुतते. माझ्याच बागेत चार वर्षांपूर्वी अशा क्रेटवरून पडून एका बाईचे मनगट मोडले होते. प्लास्टरचा खर्च आम्ही केला, पण तिची उरलेल्या हंगामाची मजुरी बुडाली ती बुडालीच, आणि पुढच्या वर्षी ती टोळीत आली नाही. त्याची भरपाई आपण करायला हवी होती, हे मला तेव्हा सुचले नाही याची खंत आजही आहे.

मागच्या डिसेंबरमध्ये, विरळणीच्या अकराव्या की बाराव्या दिवशी, चहाच्या सुट्टीत एका बाईच्या हातातून स्टीलचा पेला निसटला. तिने तो दोन्ही तळव्यांमध्ये धरून पुन्हा उचलला, जसे लहान मूल उचलते तसे. मी तिचा हात हातात घेतला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी लिंबाएवढी सूज होती, आणि विरळणीच्या कात्रीचे कडे रुतू नये म्हणून तिने अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. पट्टी सोडली तर आतली कातडी पांढरी पडून सोलवटलेली. "किती दिवसांपासून?" असे विचारले, तर "दर साली होतं ताई, होळीपर्यंत जातं," म्हणाली. त्या बाईचे वय तिशीच्या आत आहे. दर साली होते आणि होळीपर्यंत जाते, असे म्हणता म्हणता कोणत्या तरी वर्षी ते जात नाही. आणि तेव्हा ती आपल्या बागेत नसते, तिच्या पाड्यावर असते, जेथे तिला हंडाही उचलायचा असतो आणि नागलीही लावायची असते. म्हणूनच ते दुखणे आपल्या नजरेला पडत नाही. आपल्याकडे दरवर्षी नवी, धडधाकट माणसे येतात आणि द्राक्षाच्या कामाने कोणाला काही होत नाही असा आपला समज कायम राहतो.

आता पेस्टबद्दल. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाइड लावतो. पोंगे फोडणारे हे औषध माणसाच्या कातडीलाही सोडत नाही: हाताला लागले तर खाज, पुरळ आणि पुढे भाजल्यासारखे फोड येतात. त्याहून मोठा धोका असा की शरीरात गेलेले सायनामाइड दारूचे पचन मधेच अडवते. पेस्ट लावण्याच्या आधी किंवा नंतर माणसाने थोडी जरी घेतली, तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब कोसळतो. कामानंतरचे काही दिवसही हा धोका असतो. यावर खास असा उतारा नाही, फक्त वेळेवर केलेले उपचार आहेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या टोळीतला एक तरुण संध्याकाळी असाच लाल होऊन कोसळला. सगळे म्हणाले, जास्त झाली. दवाखान्यातही तेच म्हणाले, आणि त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवले, कारण त्याने दिवसभर काय लावले हे कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. तो वाचला. बाटलीवरची सूचना मी त्या रात्री पहिल्यांदा वाचली. युरोपीय संघाने २००८ सालीच हे औषध आपल्या मान्य यादीत घेण्यास नकार दिला, आणि त्यामागे ते वापरणाऱ्या माणसांना असलेला धोका हे कारण होते. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण घड पिकवतो, त्यांनी स्वतःच्या मजुरांच्या हाती ते देणे थांबवले आहे. आपल्याकडे थंडी पुरेशी पडत नसल्याने या औषधावाचून सारखी फूट मिळत नाही, हे मी जाणते; म्हणून बंद करा असे म्हणत नाही. परंतु कापडाचे बोळे आणि फाटके हातमोजे घेऊन, कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी, त्याच हातांनी भाकरी मोडत ते लावणे आपण याच ऑक्टोबरपासून बंद केले पाहिजे. कापडी मोजा तर मोकळ्या हातापेक्षाही वाईट, कारण तो औषध पिऊन कातडीला धरून ठेवतो. नायट्रिलचे कोपरापर्यंतचे मोजे लागतात, आणि एकरी खर्चात तो आकडा दिसतसुद्धा नाही.

फवारणीचे आपण सगळे जाणतो. डाऊनी, भुरी, करपा हे रोग, फुलकिडे, उडद्या, मिलीबग या किडी आणि वर अवकाळी. पाऊस उघडला की रात्री अकराला सुद्धा ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर बाहेर काढावा लागतो. ट्रॅक्टरवाल्याला केबिन नसते. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की तोच औषधाचा बोळा होतो. परंतु ट्रॅक्टरवाल्यापेक्षाही मला काळजी वाटते ती शेजारच्या ओळीत काम करणाऱ्यांची, कारण त्यांना आपण फवारणी करणारे समजतच नाही. ब्लोअरचा तुषार दोन-चार ओळी ओलांडून जातो, आणि मांडवाच्या तारेला बांधलेल्या झोळीत त्यांचे तान्हे मूल झोपलेले असते. मी हे माझ्या बागेत पाहिले आहे. आईने झोळीवर ओढणी टाकली, आणि पुन्हा विरळणीला लागली.

मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तरी निर्धोक, अशी आपली समजूत असते. पोर्तुगालमधील डॉक्टरांनी १९६९ साली द्राक्षबागांत वर्षानुवर्षे बोर्डो फवारणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांत तांबे साचून झालेला आजार नोंदवला आणि त्याला द्राक्षबागेत फवारणाऱ्या माणसावरूनच नाव पडले. द्राक्षाचा देश म्हणवणाऱ्या फ्रान्सने २०१२ साली कीडनाशकांशी संबंध आलेल्या शेतकरी-शेतमजुरांचा कंपवात हा व्यवसायजन्य आजार मानला, म्हणजे तो झालेल्या माणसाला भरपाईचा हक्क मिळाला. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना वीसच्या आसपास माणसे दगावली तेव्हा काही महिने चर्चा झाली. द्राक्षपट्ट्यात एवढी माणसे एकदम गेली नाहीत म्हणून आपण निर्धास्त आहोत. परंतु कंपवात किंवा फुफ्फुसाचे दुखणे एका हंगामात येत नाही, आणि येते तेव्हा त्या माणसाने कोणाकोणाच्या बागेत फवारले याची कोठेही नोंद नसते.

कायदा काय म्हणतो, हेही सांगते. १९६८ च्या कीटकनाशके कायद्याखालील १९७१ च्या नियमांत फवारणीचे काम करणाऱ्यांची कामावर घेण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनाची साधने आणि प्रशिक्षण या सगळ्या गोष्टी लिहून ठेवलेल्या आहेत. पन्नास वर्षे उलटली. माझ्या बागेत अशी तपासणी झालेला एकही माणूस आजवर आलेला नाही. चहा, कॉफी, रबराच्या मळ्यांवरील मजुरांसाठी १९५१ साली स्वतंत्र कायदा झाला. द्राक्षबाग त्यात कधी आली नाही. ऊसतोड कामगारांसाठी उशिरा का होईना, महामंडळ तरी झाले. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत औषध हाताळताना विषबाधा होऊन मृत्यू आला तर दोन लाखांचे साहाय्य मिळते, परंतु ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला. म्हणजे माझ्या बागेत फवारणी करताना माझा मुलगा गेला तर शासन घरी येईल, आणि त्याच ट्रॅक्टरवर बसलेला भूमिहीन मजूर गेला तर येणार नाही. कृषी आयुक्तालयाने आणि शासनाने ही योजना शेतमजुरांना लागू करावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी करावी असे मला कळकळीने वाटते. ती आपण केली तर तिला वजन येईल. मजुरांची तर संघटनाच नाही.

यावर आपल्यापैकी अनेकांचे म्हणणे मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरातही तेच म्हणतात. दोन वर्षे अवकाळीने खाल्ली, व्यापारी पैसे बुडवून पळाला, सोसायटीचे व्याज चढते आहे, त्यात मजुरांसाठी नवा खर्च कोठून करायचा? आणि आपण थांबा म्हटले तरी मजूरच थांबत नाहीत, त्यांना उक्त्यात जास्त एकर ओढायचे असतात. यातले काहीही खोटे नाही. मजूर थांबत नाही ते खरे आहे, कारण थांबल्याचे पैसे आपण देत नाही. मागच्या हंगामापासून मी विरळणी आणि डिपिंग उक्ते देणे बंद करून रोजावर आणले, दर दोन तासांनी दहा मिनिटांची सुट्टी ठेवली, आणि सकाळी विरळणी करणाऱ्यांना दुपारी खालचे काम दिले, म्हणजे हात आणि मान दोन्ही बदलतात. काम एकरी अर्ध्या-पाऊण दिवसाने लांबले. घडांची मोडतोड मात्र कमी झाली, आणि हंगामाच्या शेवटपर्यंत टोळीतले कोणीही मधेच निघून गेले नाही. पालथ्या क्रेटऐवजी सुताराकडून रुंद बुडाचे सहा इंची लाकडी पाट करून घेतले. ते ओल्या मातीतही रुतत नाहीत. कात्र्यांना रोज सकाळी धार लावण्याचे काम माझ्या दिरांनी अंगावर घेतले आहे.

शौचालयाबद्दल लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. बागेत आडोसा नसतो म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. एप्रिलच्या खरड छाटणीत, चाळीस अंशांच्या उन्हात, तांब्याभर पाण्यावर त्या संध्याकाळ करतात; मग लघवीची जळजळ, ताप, चक्कर हे सगळे ओघाने येते, आणि आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला ते जास्त बाधते. निर्यात प्रमाणपत्राच्या ऑडिटला शौचालय, हात धुण्याची जागा आणि प्रथमोपचार पेटी लागते, म्हणून अनेकांकडे ती आहे. ऑडिटच्या दिवसानंतर त्याला कुलूप नसावे, इतकेच म्हणणे आहे. नसेल तेथे पत्र्याच्या चार तुकड्यांत आडोसा होतो.

तर छाटणीच्या आधी आपण काय ठरवावे? पेस्ट लावणाऱ्या प्रत्येकाला मोजे, साबण आणि दारूबद्दलची सूचना द्यावी. ती मुकादमाच्या तोंडून, त्यांच्या बोलीत आणि बायकांसमोर दिली तर जास्त लागू पडते. फवारणी चालू असलेल्या आणि नुकत्याच झालेल्या प्लॉटमध्ये त्या दिवशी कोणालाही कामाला घालू नये, आणि फवारणीच्या वहीत जेथे आपण काढणीपूर्व दिवस लिहितो तेथेच पुन्हा बागेत जाण्याची वेळ लिहावी. तान्ह्या मुलांसाठी बागेपासून लांब, घराच्या ओट्यावर जागा असावी आणि टोळीतल्या एका बाईला पूर्ण रोज देऊन तेथे बसवावे. औषधांचे रिकामे कॅन टोळीच्या पाण्यासाठी जाऊ नयेत म्हणून ते रिकामे होताच भोके पाडावीत. दवाखान्यात माणूस नेताना औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो बरोबर न्यावा. आणि हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची (काही कीडनाशकांच्या विषाने घटणाऱ्या घटकाची) तपासणी आणि सगळ्या टोळीच्या हाताखांद्यांची तपासणी गावातच व्हावी, अशी विनंती मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला स्वतंत्र पत्राने करीत आहे. त्या पत्रावर आपल्यापैकी जितक्या बागायतदारांच्या सह्या येतील तितके बरे.

सह्यांसाठी मी पत्राची प्रत गावच्या सोसायटीत ठेवली आहे. पाट, मोजे आणि कामाची पाळी कशी लावली ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पेस्टच्या दिवसांत माझ्या बागेत अवश्य यावे. पेला निसटलेली ती बाई यंदा टोळीबरोबर येणार आहे, असे मुकादमाने कळवले आहे. तिला मी विरळणीला लावणार नाही. पॅकिंगच्या टेबलावर बसवणार आहे, त्याच रोजावर.

आपली,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार